दगडावर कायदा कोरणारा राजा : सम्राट अशोक



या खेपेच्या भित्तिपत्रकाचा विषय आहे ‘पर्यावरण आणि कायदा’. कायदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट, काळा कोट आणि जाडजूड पुस्तके येतात. मला मात्र एक राजा आठवला. त्याने आपले कायदे कातळावर आणि दगडी खांबांवर कोरले. पाखरे, मासे, कासवे, जंगल आणि गाभण जनावरे यांच्यासाठी त्याने नियम केले. या गोष्टीला जवळजवळ सव्वादोन हजार वर्षे झाली. त्या राजाचे नाव सम्राट अशोक.

अशोकाची ओळख तुम्हाला नव्याने करून द्यायला नको. आपल्या नोटेवर आणि नाण्यावर जे सिंह आहेत ते त्याच्याच सारनाथच्या खांबावरचे. २६ जानेवारी १९५० रोजी ते आपल्या देशाची राजमुद्रा झाले. झेंड्यातले चक्रही तिथलेच. पण त्याच्या नियमांची माहिती फारशी कोणाला नसते, म्हणून मी त्याचे चरित्र त्या बाजूने सांगणार आहे. अशोकाविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवून मी मुख्यतः शिलालेखांत जे कोरलेले आहे तेच सांगते.

अशोक हा मौर्य घराण्यातला. चंद्रगुप्त मौर्य त्याचे आजोबा आणि बिंदुसार त्याचे वडील. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास तो गादीवर आला. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत त्याचे शिलालेख सापडतात, यावरून राज्य केवढे होते ते ध्यानात येईल. आपला महाराष्ट्रही त्यात होता.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा त्याने कलिंगावर स्वारी केली. कलिंग म्हणजे आजचा ओडिशा आणि त्याच्या लगतचा भाग. लढाई अशोकाने जिंकली. पण त्याने स्वतःच कोरून ठेवले आहे की या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख लोकांना धरून नेले आणि त्याच्या कितीतरी पट लोक नंतर मेले. हे पाहून त्याला फार दुःख झाले. जिंकलेले राजे विजयाची वर्णने कोरून घेतात. या राजाने आपला पश्चात्ताप कोरून घेतला. पुढे तो बुद्धाच्या शिकवणीकडे वळला. आपल्या वागण्याच्या नियमांना त्याने ‘धम्म’ असे नाव दिले. आईवडिलांची सेवा, नोकरचाकरांशी चांगले वागणे, दुसऱ्याच्या धर्माचा मान राखणे आणि प्राणिमात्रावर दया करणे हे सगळे त्यात येते.

आता बघा, नियम करायचा तर सुरुवात कुठून करायची? अशोकाने सुरुवात केली स्वतःच्या स्वयंपाकघरापासून. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असे त्याचा पहिला शिलालेख सांगतो. आकडा थोडा फुगवून सांगितला असेल, पण कत्तल मोठी होती एवढे नक्की. त्यानंतर फक्त तीन प्राणी मारायचे ठरले : दोन मोर आणि एक हरीण. त्यातही हरीण रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारायचे नाहीत, असे त्याने तिथेच जाहीर केले. मला हे वाचून गंमत वाटली. राजाला एका दिवसात सगळे सोडता आले नाही, आणि ती गोष्ट त्याने लपवूनही ठेवली नाही. एवढ्या मोठ्या राज्याला त्याने आपल्या घरचा हिशेब उघडपणे सांगितला.

दुसरी गोष्ट शिकारीची. त्याच्या आधीचे राजे मौजेखातर सहलीला निघत. त्या सहलीत मुख्य खेळ शिकार. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक बोधगयेला जाऊन आला आणि त्याने सहलीची रीतच बदलली. शिकारीऐवजी म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, साधुसंतांना दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे, असे दौरे त्याने सुरू केले. ही हकिकत त्याच्या आठव्या शिलालेखात आहे. त्या लेखाचा एक तुकडा कुठे सापडला माहीत आहे? आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला! सोपारा हे जुने बंदर, आज ते पालघर जिल्ह्यात येते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तो तुकडा मिळाला. शिकार बंद झाल्याची राजाची खबर बंदरावरच्या व्यापाऱ्यांना आणि खलाशांनाही कळावी, म्हणून ती तिथे कोरली असणार.

नुसते ‘हे करू नका’ एवढे सांगून तो थांबला नाही. रस्त्याच्या कडेने त्याने वड लावले, म्हणजे माणसांना आणि गुराढोरांना सावली मिळावी. आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, पाणपोया घातल्या. माणसांच्या औषधपाण्याबरोबर जनावरांच्या औषधपाण्याचीही सोय केली. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या दुसरीकडून आणून लावायला सांगितले. गुजरातेत गिरनारजवळ सुदर्शन नावाचा तलाव होता. तो चंद्रगुप्ताच्या काळात बांधला गेला आणि अशोकाच्या काळात त्याला कालवे काढले. हे आपल्याला रुद्रदामन नावाच्या पुढच्या काळातल्या राजाच्या लेखावरून कळते. त्याचा लेख आणि अशोकाचे लेख एकाच कातळावर आहेत.

आता खऱ्या कायद्याकडे येऊ. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वी २४३ च्या सुमारास, अशोकाने खांबांवर एक लेख कोरवला. अभ्यासक त्याला पाचवा स्तंभलेख म्हणतात. आमच्या बाईंनी मला तो मराठीतून समजावून सांगितला. कायदा म्हणजे काय हे मला त्या लेखावरून जितके कळले तितके दुसऱ्या कशावरूनही कळले नव्हते.

पहिली गोष्ट, कायदा मोघम बोलत नाही, नाव घेऊन सांगतो. प्राण्यांना त्रास देऊ नका एवढेच म्हटले तर ज्याला जसे सोयीचे तसा तो अर्थ घेणार. म्हणून अशोकाने चक्क यादी दिली. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार, पांढरे कबुतर आणि गावातले पारवे अशी कितीतरी नावे त्यात आहेत. काही नावे इतकी जुनी आहेत की तो प्राणी कोणता यावर पंडितांचे अजून एकमत नाही. जे चतुष्पाद प्राणी खाण्याच्या किंवा कामाच्या उपयोगाचे नाहीत तेही मारू नयेत, असे शेवटी घातले आहे.

दुसरी गोष्ट, कायदा कधी आणि कुठे लागू आहे तेही सांगतो. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारायची नाही. त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिल्लेही मारायची नाहीत. काही ठरलेल्या पौर्णिमांना आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या तिथींना मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. त्याच दिवसांत हत्तींच्या राखीव वनात आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यात दुसरेही प्राणी मारायचे नाहीत. नुसत्या मारण्यावर बंदी घातली आणि विकण्यावर नाही, तर मारणारे थांबत नाहीत. हे त्या काळीसुद्धा कोणाच्या तरी लक्षात आले होते.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरांना लागू पडते. ज्या भुसात जीवजंतू आहेत ते भूस जाळू नये, आणि उगाचच किंवा प्राणी मारण्यासाठी जंगलाला आग लावू नये, असे त्याने कोरले आहे. जिवंत प्राण्याला दुसरा जिवंत प्राणी खाऊ घालू नये, हेही त्यात आहे.

चौथी गोष्ट, कायदा केला की तो पाहायला माणूस लागतो. त्यासाठी अशोकाने ‘धम्ममहामात्र’ नावाचे अधिकारी आधीच नेमले होते. लोकांची गाऱ्हाणी आपल्याला कधीही येऊन सांगावीत, आपण जेवत असलो तरी चालेल, असा त्याचा हुकूम होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक गावी एक जुनी शिळा सापडली. तिच्यावर प्राणी पकडू नयेत आणि मारू नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे. हा लेख अशोकाच्या काळातला असावा असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवले. पुढे वाकाटक राजा रुद्रसेन याच्या वेळचा दुसरा लेख त्याच शिळेवर कोरला गेला. म्हणजे हा नियम विदर्भाच्या रानापर्यंत पोचला होता, असे मानायला जागा आहे.

इथे मला एक गोष्ट खटकते, तीही लिहिते. जंगलात राहणाऱ्या लोकांना अशोकाने तेराव्या शिलालेखात ताकीद दिली आहे. राजाला पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याची ताकद त्याच्याकडे आहे हे विसरू नका, असा तिचा आशय आहे. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगत होते त्यांचे काय म्हणणे होते, ते कोणत्याही खांबावर कोरलेले नाही. जंगलाचा कायदा करायचा आणि जंगलातल्या माणसाला विचारायचे नाही, ही अडचण पुढेही कितीतरी शतके राहिली. आपल्या देशात २००६ साली वनहक्क कायदा झाला, तेव्हा अशा लोकांचा हक्क कायद्याने मान्य झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. राज्याभिषेकाला सत्तावीस वर्षे झाल्यावर अशोकाने सातवा स्तंभलेख कोरवला. त्यात त्याने आपल्या सगळ्या कामाचा आढावा घेतला आहे. लोकांचे वागणे सुधारण्याचे दोन मार्ग आहेत, असे तो त्यात सांगतो. एक म्हणजे नियम आणि दुसरा म्हणजे समजावून सांगणे. अमुक प्राणी मारू नये असे नियम आपण पुष्कळ केले, पण नियमांनी थोडेच काम झाले; समजावून सांगण्याने जास्त झाले, असा त्याचा अनुभव आहे. ज्या राजाच्या एका शब्दावर माणसाचे डोके उडू शकत होते, तो राजा हे सांगतो आहे! पाचव्या स्तंभलेखात एवढे नियम आहेत, पण ते मोडणाऱ्याला काय शिक्षा हे त्या लेखात कुठेच नाही.

म्हणूनच त्याने आपले लेख पंडितांच्या संस्कृतात न लिहिता लोकांच्या बोलण्यातल्या प्राकृतात लिहिले. कंदाहारकडे ग्रीक आणि अरमाईक भाषा चालत, तिथे त्या भाषांत लिहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ठरावीक नक्षत्राच्या दिवशी लेख मोठ्याने वाचून दाखवावा, ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावा, असा हुकूम कलिंगातल्या अधिकाऱ्यांना दिला.

इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास अशोक वारला. त्यानंतर पन्नासएक वर्षांत मौर्यांचे राज्य संपले. हळूहळू ती ब्राह्मी लिपीही लोक विसरले. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा गावचा खांब मोठ्या खटपटीने दिल्लीला आणला, पण त्यावर काय लिहिले आहे ते कोणालाच वाचता येईना. अखेर १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानाने ती लिपी उलगडली. म्हणजे कायदा होता, उन्हापावसात उभा होता, पण शेकडो वर्षे तो कोणालाच कळत नव्हता. न कळलेला कायदा असून नसल्यासारखाच.

आजची गोष्ट वेगळी आहे. आज राजा नाही. आपण निवडून दिलेले लोक कायदा करतात. १९७६ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली. वने आणि वन्य प्राणी यांचे रक्षण करणे हे सरकारचे काम आहे असे तिच्या ४८ क या कलमात आले. आणि नद्या, सरोवरे, वने, वन्य जीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रावर दया करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे असे ५१ क या कलमात आले. प्रत्येक नागरिक म्हणजे तुम्ही, मी आणि आपले आईवडीलसुद्धा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यातही अशोकासारख्याच प्राण्यांच्या याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. यादीतला प्राणी पकडणे, त्याला फासा लावणे, पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणे हीसुद्धा शिकारच. म्हणून रानातला पोपट धरून पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. अशोकाच्या मुदपाकखान्यातला मोर १९६३ साली आपला राष्ट्रीय पक्षी झाला आणि आज त्याला कायद्याचे पक्के संरक्षण आहे. वटवाघळाची मात्र गंमत झाली. अशोकाने त्याला वाचवले होते, पण १९७२ च्या कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत गेली. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. माणसाचे ज्ञान वाढते तसा कायदाही दुरुस्त करावा लागतो.

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९७४ साली कायदा झाला आणि हवेच्या प्रदूषणाविरुद्ध १९८१ साली. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली, त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. अशोकाला कलिंगानंतर जाग आली, तशी आपल्यालाही मोठ्या संकटानंतरच जाग येते, असे मला वाटते. पर्यावरणाचे तंटे चालवायला २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक पीठ पुण्यात आहे. आपल्या महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, साग अशी झाडे आपल्या स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. कोकणच्या समुद्रात पावसाळ्याच्या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. अशोकाच्या बंदीच्या तिथी धर्माच्या होत्या, आजची बंदी माशांची पैदास पाहून ठरते, पण समुद्राला थोडी उसंत दोन्हींत मिळते.

कायदे आहेत, तरी उन्हाळ्यात डोंगर पेटतोच. राखीव जंगलाला आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पण रात्री कोणी काडी टाकली हे वनरक्षकाला कसे कळणार? एका माणसाकडे केवढे तरी रान असते. वणव्यात जमिनीवर घरटे करणारी पाखरे, ससे, साप, सरडे होरपळतात आणि पुढच्या पावसात उघड्या डोंगराची माती ओढ्याला जाते. पेटवले की गवत चांगले फुटते, ही समजूत जोवर मनातून जात नाही तोवर नुसत्या कायद्याने आग विझायची नाही.

उसाच्या पाचटाचेही तसेच. ऊस गेला की पाचट पेटवून देतात. रान लवकर मोकळे होते, मजुरी वाचते, हे आमच्या घरीही म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही. पण तेच पाचट खोडव्यात सरीत राहू दिले तर ओल टिकते, तण कमी होते आणि कुजून खत होते, असे कृषी खाते सांगते. जाळले की त्यातले किडेमकोडे आणि गांडुळेही जळतात. ज्या भुसात जीव आहेत ते जाळू नये हे अशोकाने सांगितले, ते याच्याहून वेगळे काय होते? मी घरी सांगून पाहिले. आजोबांनी या वर्षी एका सरीत पाचट ठेवायचे कबूल केले आहे. एकाच सरीत, पण पुढच्या पाण्याला दोन्ही बाजूंची ओल आम्ही हाताने तपासून बघणार आहोत.

वर्गातल्यांसाठी एक काम सुचवते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने एक समिती नेमायची असते आणि गावातली झाडे, पाखरे, मासे, जनावरे यांची नोंदवही ठेवायची असते. आपण आपापल्या आजी-आजोबांना विचारून नावे लिहून काढू. कोणते पाखरू पूर्वी दिसायचे आणि आता दिसत नाही, ओढ्यात कोणते मासे होते, बांधावर कोणती झाडे होती, हे त्यांनाच माहीत आहे. यादी झाली की ती ग्रामपंचायतीत नेऊन देऊ.

आणि पालकांना एक विनंती. तुमच्याबरोबर आज आलेल्या एखाद्या आजीला वाचता येत नसेल, तर तिला हा लेख इथेच उभे राहून मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारी ती एकटीच असली तरी चालेल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी